'विनोदी' चित्रातला माणूस

लंडनमध्ये जुन्या छापील चित्रांच्या एका खासगी संग्रहाची सूची करण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. परवा बलूनच्या चित्रांचं पाकीट उघडलं. त्यातल्या एका शिळाछापावर आधीच्या सूचीकाराने 'विनोदी चित्र' असा शेरा मारून ठेवला होता.

पाहताक्षणी तसं वाटतंही. डावीकडे अवाढव्य बलूनखाली वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखं पॅराशूट, उजवीकडे तेच चुरगळून खाली येताना. पण भिंग लावलं आणि पोटात गोळा आला. वरचं कडं एका बाजूने आत दबलंय, कापड त्यावर गोळा झालंय आणि खालच्या टोपलीत काठ घट्ट धरून एक माणूस बसलाय.

हा रॉबर्ट कॉकिंग. 24 जुलै 1837 च्या संध्याकाळी लंडनच्या व्हॉक्सहॉल गार्डन्स या करमणुकीच्या बागेतून तो वर गेला तेव्हा 61 वर्षांचा होता. मूळचा चित्रकार. 1802 मध्ये गार्नरँ या फ्रेंच बलूनवीराची लंडनमधली पॅराशूट उडी त्याने पाहिली होती. ते पॅराशूट उतरताना भयंकर झोके खात होतं. टोक खाली असलेला उलटा शंकू स्थिर उतरेल, हे उड्डाणशास्त्राचा अभ्यासक जॉर्ज केलीचं म्हणणं त्यामुळे त्याच्या मनात बसलं. कल्पना वेडगळ नव्हतीच. पुढे अमेरिकेत जॉन वाइजने तसली पॅराशूटं सोडून पाहिली, तर ती व्यवस्थित उतरली. घात झाला तो वजनाने आणि बांधणीने. सुमारे 10 मीटर रुंदीचं धूड, त्याचं स्वतःचंच वजन 100 किलोच्या पुढे, आणि वरचं कडं पत्र्याच्या नळीचं! दीड किलोमीटर उंचीवरून सुटल्यावर ते टिकलं नाही. लंडनजवळच्या ली गावाजवळील शेतात कॉकिंगचा जीव गेला. मृतदेह सराईत नेला, तर तिथल्या मालकाने पैसे घेऊन तो लोकांना दाखवला. हे वाचून आजही संताप होतो.

भार सुटताच बलून सुसाट वर गेला. त्यातून भसाभसा बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये बलूनमधले दोघं, चार्ल्स ग्रीन आणि एडवर्ड स्पेन्सर, गुदमरूनच मेले असते. हवेची पिशवी आणि तोंडात धरायच्या नळ्या सोबत होत्या म्हणून वाचले. चित्रात यातलं काही नाही.

अशा अपघातांची चित्रं तेव्हा भराभर छापली जात. 1819 मध्ये पॅरिसच्या तिवोली बागेवर शोभेच्या दारूने बलून पेटून बलूनवाली सोफी ब्लँशार गेली, तिच्या चित्रांत नजर आगीवरच खिळते. इथे मात्र त्या अनामिक कारागिराने पॅराशूट नेमकं कुठे मोडलं ते दाखवलंय. म्हणून मी जुना शेरा काढून 'अपघाताची नोंद' असं लिहिलं, आणि कड्याचं वर्णन सविस्तर दिलं.

याच स्पेन्सरचा नातू पर्सिव्हल 1889 मध्ये मुंबईत बलूनमधून पॅराशूटने उतरला होता. त्या उडीचं एकही चित्र या संग्रहात नाही. कुणाच्या घरी जुन्या कागदांत असेल, तर मला ते बघायचंय.