मदत करून झाली की निघायचं

रस्त्यात कुणी अडलेलं दिसलं की बहुतेकांचा पाय क्षणभर थबकतो. मध्ये पडावं का, काय बोलावं, त्यांना आवडेल का, असे विचार येतात आणि तेवढ्यात आपण दहा पावलं पुढे गेलेलो असतो. मनात चांगुलपणा नसतो असं मुळीच नाही. मदत कशी करायची हे हाताला माहीत नसतं, आणि घाई असते.

घाईचा वाटा किती मोठा असतो हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं सांगून पाठवलेल्यांतले फक्त १० टक्के. काहींचं भाषण तर वाटेतल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूच्या गोष्टीवरच होतं, तरी त्यानं फारसा फरक पडला नाही. म्हणून पहिली तयारी अगदी साधी: घरातून दहा मिनिटं आधी निघायचं. वेळ हाताशी असला की थांबणं सोपं जातं.

दुसरी तयारी प्रश्नाची. ‘काही मदत हवी का?’ याला माणूस सवयीनं ‘नको, नको’ म्हणतो, कारण काय मागावं हे त्यालाच ठरवावं लागतं. त्याऐवजी नेमकं विचारा: ‘या पिशवीचा एक बंद मी धरू का?’ हो किंवा नाही, एवढंच उत्तर पुरतं. ‘नको’ आलं तर हसून बाजूला व्हा, पुन्हा विचारू नका. आणि उत्तर येण्याआधी सामानाला हात लावू नका. परक्यानं बॅग उचलली की पोटात गोळा येतोच. सामान घेतलंत तर त्यांच्या नजरेसमोर राहील असं, शेजारून चाला. पुढे पुढे जाऊ नका.

जिन्यावर बाबागाडी उचलताना लोक पुढचा दांडा किंवा छत धरतात. बऱ्याच गाड्यांचे हे भाग काढता-घालता येणारे असतात आणि हातात निघून येतात. पुढच्या चाकांजवळची मुख्य चौकट धरा. मूल पट्ट्यानं बांधलेलं आहे ना, ते आधी विचारा. गाडीची मूठ पालकांच्याच हातात राहू द्या. उतरताना खालच्या माणसावर जास्त भार येतो आणि त्याला उलटं चालावं लागतं, म्हणून पायऱ्या मोठ्यानं मोजा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती पांढरी काठी घेतलेल्या माणसाला रस्ता ओलांडून देताना. दंड धरून ओढणं, मागून ढकलणं, काठीचं टोक पकडणं: यानं त्यांचा तोल आणि दिशा दोन्ही जातात. आधी बोला, ‘मी तुमच्या उजवीकडे उभा आहे, रस्ता ओलांडायचाय का?’ ओलांडायचा असेल, तर आपला कोपर पुढे करा. ते कोपराच्या जरा वर धरतील आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालाल. तुमच्या शरीराच्या हालचालीवरून त्यांना चढ, उतार, वळण सगळं कळतं. पायरीपाशी क्षणभर थांबून ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढं सांगा, शेवटची पायरी आली की तेही सांगा. वाट अरुंद झाली तर तो हात पाठीमागे न्या, म्हणजे ते आपोआप तुमच्या मागे येतात. बसायचं असेल तर त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्या, बाकी त्यांचं ते बसतात. ‘तिकडे’, ‘इथं जवळच’ हे शब्द इथं निरुपयोगी. ‘डावीकडे साधारण वीस पावलं’ हे उपयोगी. आणि जाताना ‘मी निघतो’ असं जरूर म्हणा. मोकळ्या जागेत सोडून न सांगता जाणं फार वाईट, कारण ते शेजारी कुणी आहे असं समजून बोलत राहतात. भिंत किंवा कठडा हाताला लागू द्या, तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगा आणि मग निघा.

व्हीलचेअरचंही तेच, ती त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजा. न विचारता ढकलू नका. तीव्र उतारावर किंवा फूटपाथवरून खाली उतरताना खुर्ची उलटी फिरवून, मागची मोठी चाकं आधी उतरवतात. सरळ नेली तर बसलेला माणूस पुढे पडू शकतो. थांबलात की ब्रेक लावायचा का ते विचारा. हातांची आणि पायांची टेकणं अनेक खुर्च्यांत निघणारी असतात, त्यांना धरून उचलू नका. कुठे धरायचं हे बसलेल्या माणसालाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. बॅटरीवरची खुर्ची फार जड असते, ती उचलायच्या फंदात न पडता उताराची वाट शोधून द्या.

गर्दीत कुणी कोसळलं तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघेल. डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फिटचा झटका आल्याचं ऐकू आलं, तेव्हा आपण एकटेच ऐकतोय असं समजणाऱ्या ८५ टक्के लोकांनी झटका चालू असतानाच मदत मागितली. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तिथं हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. त्यामुळे ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा: ‘निळा शर्ट, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा आणि मला येऊन सांगा.’ फिट आलेली असेल तर घड्याळ बघा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, बोटं, पाणी काहीही घालू नका. झटके थांबले की एका कुशीवर वळवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर रुग्णवाहिका हवीच. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबा आणि बघ्यांना दूर ठेवा. जागं होताना भोवती मोबाइल रोखलेले दिसणं फार लाजिरवाणं असतं.

हरवलेलं मूल दिसलं तर उकिडवे बसा आणि शक्यतो जागा सोडू नका, कारण पालक तिथंच परत येतात. मुलाचं नाव मोठ्यानं पुकारू नका. मग कुणीही येऊन त्या नावानं हाक मारू शकतो. आलेल्या माणसाकडूनच नाव आणि कपड्यांचा रंग विचारा. सापडलेल्या पाकिटाचंही असंच, आत काय आहे ते समोरच्यानं सांगायचं. सापडलेला फोन बंद करू नका, शोधणाऱ्याला तो नकाशावर दिसेनासा होऊ शकतो. येणारा फोन मात्र उचला.

पैसे पुढे केले तर ‘नको, राहू द्या’ एवढंच म्हणा. आभार मात्र झटकू नका. ‘त्यात काय एवढं’ म्हटलं की समोरच्याचं बोलणं तोंडातच राहतं. फोटो काढू नका, नाव-गाव विचारू नका. कुणी काहीच न बोलता निघून गेलं, तर ते दुखण्यात असतील, भांबावलेले असतील किंवा मदत घ्यावी लागल्याचं ओशाळलेपण असेल.

बसमध्ये जागा देताना मला एक पद्धत फार आवडते. आधी नजरेनं खूण करायची, नाहीतर तिसराच बसतो. मग उठून दोन-चार पावलं दाराकडे सरकायचं, जणू आपलं उतरायचं ठिकाण आलंय, आणि पुन्हा मागे वळून पाहायचं नाही.