तुम्ही विचारलंत म्हणून: घरातलं आजारपण स्टेजवर कशाला?

जवळपास प्रत्येक प्रयोगानंतर कोणीतरी विचारतंच, अहो लोकांच्या घरातलं दुखणं असं चव्हाट्यावर कशाला मांडता? विचारणारे चांगल्या मनानेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

आम्ही डोंबिवलीत घरी पेशंट सांभाळणाऱ्यांच्या, म्हणजे शुभंकरांच्या गोष्टींचं नाटक करतो. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), पार्किन्सन्स, पॅरालिसिस, स्किझोफ्रेनिया, काहीही असो, नातेवाईकांचा फोन येतो तो "आई कशा आहेत" विचारायला, आणि सांभाळणारीला फारफार तर "खरंच बाई, तुझं कौतुक आहे" एवढं म्हणतात. एकदा कौतुक झालं की तिने वैतागायची सोयच राहत नाही. २०२३ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, मग त्यांच्यामागे रात्री जागणारी किती घरं असतील बघा.

आमची पद्धत प्लेबॅक थिएटरची, जी १९७५ मध्ये अमेरिकेत जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी सुरू केली. स्क्रिप्ट नाही, तालीम नाही. प्रेक्षकांतलं कोणीतरी पुढे येऊन खुर्चीत बसतं, गोष्ट सांगतं, आपली भूमिका कोणी करायची ते निवडतं आणि कलाकार तिथल्या तिथे ती उभी करतात.

एका काकूंनी सांगितलं, सासूबाई रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी उभ्या राहतात, "मला घरी सोडा, आई वाट बघत असेल." डिमेन्शियात दिवस मावळताना अशी घालमेल वाढते, सनडाउनिंग म्हणतात त्याला. काकू आतून कुलूप लावून किल्ली ब्लाउजमध्ये ठेवतात आणि सासूबाई अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा ओरडतात की ही मला कोंडून ठेवते. एकदा काकूंचा हात उगारला गेला. मारलं नाही त्यांनी. पण हे त्या नवऱ्यालाही बोलल्या नव्हत्या.

काकूंचं काम करणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या मुलीने तो उगारलेला हात तसाच वर धरून ठेवला, खूप वेळ, शेवटी थरथरायला लागला तेव्हा दुसऱ्या कलाकाराने तो धरून हळूच खाली घेतला. नंतर काकूंना विचारलं, असंच होतं का? शेवटचा शब्द नेहमी सांगणाऱ्याचाच असतो. काकू म्हणाल्या, "हो, फक्त हात खाली घ्यायला कोणी नव्हतं." त्यानंतर हॉलमधून एकामागून एक लोक बोलायला उठले, त्यात कधी तोंड न उघडणारे दोन-तीन पुरुषही होते.

मला विचाराल तर चव्हाट्यावर तेव्हा येतं जेव्हा जिन्यात उभं राहून शेजारी बोलतात. इथे काय सांगायचं, किती सांगायचं, कुठे थांबायचं हे काकूच ठरवतात. व्हिडिओ काढू देत नाही, स्टेटसला फोटो नाही.

कधीकधी फोरम थिएटरही करतो, ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांचं, ज्यात प्रेक्षक नाटक थांबवून स्वतः भूमिकेत शिरतात. आमचा ठरलेला प्रसंग म्हणजे परदेशातला भाऊ व्हिडिओ कॉलवर सल्ले देतोय आणि इथली बहीण ऐकून घेतेय. बरेच जण बहिणीच्या जागी येऊन भांडतात आणि भाऊ वकिलासारखा जिंकतो. एक गृहस्थ आले ते भांडलेच नाहीत, कॉल चालू ठेवूनच आईचा डायपर बदलायला लागले, "थांब हां दादा, एवढं होऊ दे, मग सांग." भावाचं काम करणारा आमचा मुलगा गप्पच झाला, त्याला पुढचं वाक्य सुचेना.

आता मला काळजी आहे ती जे येऊच शकत नाहीत त्यांची, कारण पेशंटला एकटं टाकून नाटकाला कोण येणार? म्हणून आम्ही प्रयोग दुपारीच ठेवतो, तळमजल्यावरचा हॉल बघतो आणि शेजारच्या खोलीत आमचेच दोघं-तिघं पेशंटजवळ बसतात, चहा-बिस्किटं आणि जुनी गाणी असतात. आईंना किंवा बाबांना घेऊनच या. गोळ्यांच्या वेळा आणि त्यांना कशाची भीती वाटते एवढं फक्त आल्यावर सांगून ठेवा.