स्मोक ऑन द वॉटर: रिफ बसला, आता सोलोकडे

मंडळी, अपडेट देतोय. मागे म्हटलं होतं ना की आता अर्धवट गाणी वाजवणं बंद, एकच गाणं घ्यायचं आणि पहिल्या नोटपासून शेवटपर्यंत वाजवायचं, आणि ते कसं तयार झालं तेही नीट वाचायचं, तर डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं स्मोक ऑन द वॉटर हे गाणं घेतलंय. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) आणि व्हर्स (कडवं) आता मेट्रोनोमवर ११२ ला, म्हणजे मिनिटाला ११२ ठोक्यांवर, न अडखळता जातंय, कोरस (धृपद) पण होतंय.

रिफबद्दल आधी. नवीन लोकांनी हे वाचाच. बरेच जण हा रिफ पॉवर कॉर्डवर (मूळ स्वर आणि त्याचा पंचम एकत्र) वाजवतात आणि मग तो जाड, चिखल झाल्यासारखा ऐकू येतो. मूळ रिफ दोन दोन स्वरांचा आहे, दोघांमधे चौथ्याचं अंतर, म्हणजे डी आणि जी या दोन तारा मोकळ्या सोडल्या की पहिली जोडी तयारच. ज्यांनी थोडंफार शास्त्रीय केलंय त्यांना सांगतो, जी ला सा धरा, तर या दोन तारा म्हणजे मंद्र पंचम आणि षड्ज, तानपुऱ्यावर ओळीने लागतात त्याच! वरच्या तारेची सुरावट मग अशी: सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्या, ० म्हणजे मोकळी तार) ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०, दोन्ही तारांवर सारखेच. तो तीव्र मध्यम क्षणभर येऊन लगेच शुद्धावर उतरतो तिथेच सगळी मजा आहे, तो लांबवू नका.

आणि पिक बाजूला ठेवा. बँडचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर हा रिफ बोटांनी वाजवतो, दोन्ही तारा एकदम खेचून. पिकने एक तार आधी आणि एक नंतर लागते, कितीही फास्ट मारा, आणि बोटांनी दोन्ही एकाच क्षणी सुटतात. हे कळल्यावर माझा आवाज एकदम रेकॉर्डच्या जवळ गेला, अॅम्पचा गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) पण कमी करावा लागला.

आता गोष्ट. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, जिनिव्हा सरोवराच्या काठावर. डीप पर्पल तिथे मशीन हेड हा अल्बम रेकॉर्ड करायला आलेले, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेऊन, म्हणजे ट्रकमधे सगळं रेकॉर्डिंगचं सामान. जागा ठरलेली कसिनोची, तिथला सीझनचा शेवटचा कार्यक्रम झाला की हॉल यांना मिळणार. तो कार्यक्रम होता अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा, ४ डिसेंबरला, आणि चालू कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन (इशाऱ्यासाठी जळता गोळा उडवणारी बंदूक) झाडली. छत पेटलं, अख्खा कसिनो जळून गेला, झॅपाच्या बँडचं सामान गेलं. माणूस एकही दगावला नाही! माँत्रो जॅझ फेस्टिव्हलचा संचालक क्लॉड नॉब्स स्वतः आत जाऊन पोरांना बाहेर काढत होता, गाण्यात जो क्लॉड येतो तो हाच. पर्पलवाल्यांनी नंतर हॉटेलातून बघितलं, आग जळतेय आणि धूर सरोवरावर पसरत चाललाय.

पुढे ऐका, कारण मला हेच सगळ्यात भारी वाटतं. नॉब्सने त्यांना पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं आणि तिथे त्यांनी या रिफचा ट्रॅक रेकॉर्ड केला, तेव्हा त्याला ना शब्द होते ना नाव. रात्री एवढा आवाज की शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले, आणि टेक पूर्ण होईपर्यंत बँडच्या माणसांनी दारं आतून दाबून धरली. म्हणजे आपण जो ट्रॅक ऐकतो तो दाराबाहेर पोलीस असताना पूर्ण झालाय. तिथून हाकलल्यावर मग ग्रँड हॉटेल, थंडीमुळे बंद असलेलं, तिथे कॉरिडॉरमधे गाद्या लावून बाकीचा अल्बम झाला.

शेवटी हिशेब केला तर अल्बम काही मिनिटं कमी पडत होता, मग हाच बिननावाचा ट्रॅक बाहेर काढला. बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर काही दिवस आधी झोपेतून उठता उठता स्मोक ऑन द वॉटर, म्हणजे पाण्यावरचा धूर, हे शीर्षक पुटपुटला होता, बँडमधे आधी वाटलं की हे नशापाण्याचं गाणं वाटेल. मग गायक इयान गिलन आणि ग्लोव्हरने जे घडलं तेच ओळीने लिहून काढलं, कोण आलं, काय पेटलं, कुठे गेलो. एवढ्या साध्या शब्दांचं गाणं इतकं टिकलं याचं कारण माझ्या मते हेच, त्यात सजवलेलं काही नाहीच, आणि रिफ आधीच इतका पक्का होता की शब्दांना जोर लावावा लागला नाही.

अल्बम मार्च १९७२ मधे आला, पण सिंगल म्हणून आधी नेव्हर बिफोर काढलं! स्मोक ऑन द वॉटर सिंगल म्हणून १९७३ मधे अमेरिकेत आलं आणि चौथ्या नंबरपर्यंत गेलं.

हे वाचल्यावर माझ्या वाजवण्यात एक बदल झाला. सुरुवात मी आता घाईने उरकत नाही. आधी नुसती गिटार, मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग बाकी ड्रम्स, मग बास, आणि मग गिलन. बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड, त्याने हॅमंड ऑर्गन मार्शल अॅम्पमधून फाडून तोच रिफ वाजवलाय, म्हणून तो एवढा रुंद वाटतो. कीबोर्डवाला मित्र तयार झालाय, ऑर्गनला डिस्टॉर्शन पेडल लावून बघणार आहोत.

व्हर्समधे जी आणि एफ, कोरसला सी आणि ए फ्लॅट, इथे पॉवर कॉर्ड चालतात. सोलोचा (मधला एकट्या गिटारचा भाग) पहिला अर्धा भाग सावकाश बसतोय, ८० च्या पुढे अजून नेला नाही, बेंड (तार ओढून स्वर चढवणं) सुरात आल्याशिवाय स्पीड वाढवणार नाही. कोणी हा सोलो पूर्ण बसवला असेल तर बेंडसाठी कोणत्या गेजच्या (जाडीच्या) तारा लावल्यात ते सांगा, मी सध्या ०९ वर आहे आणि १० लावायचा विचार चालू आहे.