सागवान अजून ठणठणीत आहे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'शाळेने मला काय दिलं' असा विषय कळवला आहे. बाकीचे माजी विद्यार्थी संस्कार, शिस्त आणि स्नेहसंमेलनांवर लिहितीलच. मी मात्र शाळा सुटल्यावर घरी पोचेपर्यंतच्या वेळाबद्दल लिहिणार आहे. शाळेतून गिरगावच्या फणसवाडीतलं आमचं घर दहा मिनिटांवर. मला तासभर लागायचा. हमरस्त्याने सरळ गेलं असतं तर कशाला लागला असता? पण आम्ही मुली वाड्यांतून जायचो. चाळींच्या मागच्या बोळांतून, नळाच्या रांगेतल्या बादल्या ओलांडत, वाळत घातलेल्या लुगड्यांखालून वाकून. प्रत्येक वाडीत कुणीतरी आत्या नाहीतर आईची मैत्रीण असायचीच आणि ती 'अगं, पोरी कुठे उंडारतायत बघ' असं गॅलरीतून पुढच्या गॅलरीला कळवायची. आमच्याआधी आमची बातमी घरी पोचलेली असायची.

मी १९७९ च्या दहावीची. म्हणजे ट्राम मी पाहिली नाही. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर धावली. मॅजेस्टिक सिनेमाही माझ्यासाठी वडिलांच्या तोंडूनच. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला तिथे लागला आणि तिकिटांसाठी कशी झुंबड उडाली, हे आजोबांनी वडिलांना आणि वडिलांनी आम्हाला सांगायचं, अशी ती वहिवाट. आज त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. तिथे साडीला फॉल लावायला दिलात तर एकदा वर बघा आणि मनात म्हणा, हिंदी सिनेमाला कंठ इथे फुटला. तसं सांगणारी पाटी असेल तर मला तरी ती आजवर दिसलेली नाही.

खोताची वाडी ही आमची आवडती वाट. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांच्या नावाची वाडी, आणि घरं मात्र ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. लाकडी ओटे, बाहेरून चढणारे जिने, कौलं, रंगीत झडपा. नाताळात दारोदारी कंदील लागत आणि आपले दिवाळीचे कंदील अजून उतरवायचे राहिलेले असत. त्यामुळे डिसेंबरात अख्खं गिरगाव एकच सण करतंय असं वाटायचं. त्याच वाडीत अनंताश्रम नावाची खानावळ होती. दुपारी तिथून माशाच्या कालवणाचा वास सुटायचा आणि आमच्यातल्या शाकाहारी मुलीही उगीचच चाल मंद करायच्या. अनंताश्रम बंद झालं. वाडीतली घरंही एकेक करून कमी होत गेली. उरलेल्या घरांत राहणारी माणसं ती कशी टिकवतात, हे मी व्यवसायामुळे जवळून पाहते आणि मनोमन हात जोडते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आठवीत आम्हाला चित्रकलेला जे सर होते ते डोंगर, नदी, दोन नारळ आणि मधला सूर्य यांना कंटाळले होते. एका शनिवारी त्यांनी सगळा वर्ग उचलला आणि समोरच्या चाळीपुढे फूटपाथवर बसवला. म्हणाले, "चाळ काढायची नाही. गॅलरीखालचा एक ब्रॅकेट काढायचा. एकच. आणि तो वरचं वजन कुठे नेतोय ते मला सांगायचं."

आम्ही हसलो. रोज ज्याच्याखालून जातो त्यात काढायचं काय? तासाभराने हसू मावळलं. खाली कमळाची मिटलेली कळी, वर पोपटाच्या चोचीसारखं वळण, मधे जाळी. हिरवा ऑइलपेंट पापुद्र्यासारखा सुटला होता. त्याखाली चॉकलेटी, त्याखाली निळा. खिळा कुठेच नव्हता, लाकडात लाकडाचीच खुंटी. वरून बायका गंमत बघत होत्या. एका काकूंनी तर तांदूळ निवडता निवडता विचारलंच, "काय हो मास्तर, आमची चाळ विकायला काढली की काय?"

माझ्या शेजारणीच्या लक्षात आलं की तिच्या ब्रॅकेटच्या डोक्यात आणि वरच्या तुळईत बोटभर फट आहे. म्हणजे तो ब्रॅकेट काहीच उचलत नव्हता. तिने सरांना विचारलं, "मग सर, गॅलरी पडत कशी नाही?" सर खूश झाले. म्हणाले, "शेजारचे दोघे बघ की." शेजारच्या दोन्ही ब्रॅकेटची डोकी तुळईला घट्ट भिडलेली होती आणि एक तर भाराने किंचित चेपलाही होता. मला त्या दिवशी चित्रकलेत दहापैकी चार मिळाले. पण पुढे मी व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकी केलं आणि जुन्या इमारती तपासण्याचा धंदा पत्करला, त्याचं मूळ त्या फूटपाथवर आहे.

कामाला लागल्यावर दुसरे गुरू भेटले ते एक म्हातारे सुतारमिस्त्री. मला 'ताई' म्हणत आणि माझ्या डिग्रीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांनी शिकवलं की तुळईवर हातोडीने हलकेच ठोकायचं. 'ठण्ण' वाजली तर आतून भरीव. 'बद्द' आवाज आला तर पोखरलेली. मग पेचकस टोचायचा आणि तो किती आत शिरतो ते बघायचं. यंत्रं नंतर पुष्कळ आली. मी अजूनही आधी ठोकून बघते.

गिरगावातल्या जुन्या चाळींचा सांगाडा ब्रह्मदेशातून आलेल्या सागाचा. खांब, तुळया, त्यावर तक्तपोशी म्हणजे फळ्यांची जमीन, मधे विटा आणि चुना. ही तुळई आपल्या मधल्या भागात शंभर वर्षांनीसुद्धा ठण्ण वाजते. सडतं ते तिचं भिंतीत शिरलेलं टोक, आणि तेही बहुतेक वेळा मोरीखालचं. मूळ चाळीत मोरी म्हणजे कोपऱ्यातला हातभर चौकोन; त्यात एक बादली नि एक तांब्या. पुढे तिथे नळ आला, टाकी आली, वॉशिंग मशीन आलं. गळती सुरू झाली की ठेकेदार जुनी लादी न काढता तिच्यावरच नवा कोबा आणि नवी लादी ठोकून मोकळे. एका खोलीत मी जमीन उकलायला लावली तर लाद्यांचे चार थर निघाले, एकाखाली एक. गळती थांबली नव्हतीच, वर तुळईच्या डोक्यावर हे सगळं ओझं. त्यात चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं. मग लाकूड कुजलं की आपण म्हणणार, चाळ म्हातारी झाली.

चाळ म्हातारी का झाली याचं दुसरं उत्तर कायद्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं, नाहीतर आपल्यातले निम्मे आईबाप गिरगावात राहूच शकले नसते. पण आमच्या दोन खोल्यांचं भाडं मी कॉलेजात असतानाही अठ्ठावीस रुपये होतं. एवढ्यात घरमालक कौलं काय शाकारणार? तो म्हणे परवडत नाही. भाडेकरू म्हणे घर तुझं, मी का खर्च करू? इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमलं. त्या वेळी उपकराखाली साडेएकोणीस हजारांवर इमारती होत्या आणि त्यातल्या बहुसंख्य १९४० पूर्वीच्या. उपकराच्या पैशात टेकू लागतात, लोखंडी गर्डर घुसतात. मोरीची गळती पुन्हा तिथेच.

म्हणून 'वारसा जपा' असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं की मी जरा सावध होते. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, शहरांसाठी देशात अशी पहिली. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यात मरीन ड्राइव्हचाही भाग आहे. आपल्या चौपाटीपासून चालत जाण्याइतका जवळ. मला आनंदच झाला. आपल्या अगदी उशाशी असलेलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ ला बंद पडलं होतं, ते नीट दुरुस्त होऊन २०१६ मध्ये उघडलं. तिथलं काम पाहून मी आ वासला. पण ऑपेरा हाऊसचं मालक घराणं एक आणि रंगमंचही एक. चाळीला मालक एक, भाडेकरू ऐंशी, शिवाय पागडीचे, पोटभाडेकरूंचे आणि भावाभावांतले दावे वेगळे. तिथे कमानीची नक्षी जपायच्या आधी संडासाचा प्रश्न सुटावा लागतो. रात्री अडीच वाजता गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या सत्तरीच्या आजींना वारसा समजावून सांगायचं धैर्य माझ्यात नाही.

एकदा तपासणीला गेले असता अशाच एका आजींनी मला चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, सी-वन तेवढं लिहू नकोस हं." सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. त्यांची चाळ सी-वन नव्हतीच. पाच-सहा तुळयांची टोकं बदलली की पुरे होतं. तसं लिहून दिलं. गंमत म्हणजे चाळीतली तरुण मंडळी माझ्यावर नाराज झाली. त्यांना सी-वन हवं होतं, कारण मग पुनर्विकास लवकर होतो आणि विकास नियमावलीच्या ३३ (७) या नियमाखाली निदान तीनशे चौरस फुटांचं, स्वतःच्या संडासाचं, मालकीचं घर मिळतं. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही.

आमची चाळ त्याच वाटेने गेली. विकासकाचं नाव घेत नाही. दोन वर्षांत परत आणतो म्हणाला आणि तोवरच्या पर्यायी जागेचं भाडं सुरुवातीला वेळेवर दिलं, मग उशिरा, मग नाही. आईवडील डोंबिवलीला राहायला गेले ते तिथेच राहिले. पाडकामाच्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. ट्रकवर तुळया चढवत होते. मी एकीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं, खणखणीत. हे सागवान भंगारात जात नाही बरं का, ते जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या लाकडाच्या बाजारात चढ्या भावाने विकलं जातं. परवा एका हॉटेलात काचेच्या टेबलाचा पाय म्हणून चाळीचा ब्रॅकेट पाहिला. कमळाची कळी जमिनीला टेकलेली, म्हणजे निदान सरळ तरी बसवला होता.

मेट्रोसाठी आपल्याकडच्या काही इमारती गेल्या, त्यावरून केवढा गहजब झाला ते तुम्हाला आठवत असेल. मीही तेव्हा सभांना गेले होते. २०२५ च्या ऑक्टोबरात गिरगाव स्थानक सुरू झालं आणि आता मीही त्याच मेट्रोने येते. गाडी छान आहे. वर आल्यावर मात्र क्षणभर दिशा कळत नाही, कारण ज्या कोपऱ्यांवरून मी डावं-उजवं ठरवायची ते कोपरे नाहीत.

हे सगळं शाळेच्या स्मरणिकेत का? कारण मागच्या वर्षी ध्वजवंदनाला आले तेव्हा मैदानावर मुलांच्या रांगा फार लवकर संपल्या. आमच्या वेळी एकेका इयत्तेच्या चार-चार तुकड्या होत्या आणि ती मुलं कुठून यायची? केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, झावबावाडी. एकेका चाळीतून पंचवीस-तीस पोरं. ती कुटुंबं डोंबिवली, बोरिवली, विरारला गेली आणि पट ओसरला. टॉवरमधली मुलं आपल्याकडे येत नाहीत. आपण शाळेसाठी निधी जमवतोय, जमवायलाच हवा. पण शाळेचा पाया आजूबाजूच्या त्या खोल्यांत होता, हेही एकदा कार्यकारिणीच्या बैठकीत बोलून टाकावं असं मला वाटतं. जिथे चाळी दुरुस्त होऊ शकतात तिथे त्या राहत्या माणसांसकट दुरुस्त व्हाव्यात, खोल्या जोडून आत संडास काढता येतात, मी तसे नकाशे केलेही आहेत. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून चालत आलेला गणपती आजही बसतो, १९०१ साली तिथे लोकमान्य टिळक येऊन गेले, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. गणपती तिथे बसतो कारण तिथे माणसं राहतात.

सगळ्या चाळी वाचणार नाहीत हे मला धंद्यामुळे पक्कं ठाऊक आहे. म्हणून एक बेत आहे, आणि मुख्याध्यापिका बाईंच्या कानावर मी तो घातला आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना घेऊन शाळेच्या आसपासच्या उभ्या असलेल्या चाळींची मापं घ्यायची. गॅलरीची रुंदी, जिन्याच्या पायरीची उंची, खोलीचा आकार, कठड्याची नक्षी. जिन्याला दोर आहे का, नळ कुठे, तुळस कुठे, गणपती कुठे बसतो. मुलांनी कागदावर हाताने काढायचं आणि ते कागद शाळेच्या वाचनालयात ठेवायचे. मोजपट्ट्या, ड्रॉइंग बोर्ड आणि दुपारचे वडे माझ्याकडून. व्हीजेटीआयचे दोन विद्यार्थी मदतीला यायला तयार आहेत.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडून मात्र एक हवं. घरी जुनी भाडेपावती, चाळीचं नाव असलेलं रेशनकार्ड किंवा आल्बममधले फोटो असतील तर त्यांची प्रत शाळेच्या कार्यालयात आणून द्या. मुंजीचे, लग्नाचे, गोपाळकाल्याचे, कसलेही चालतील. फोटोतल्या माणसांची नावं आठवत नसली तरी बिघडत नाही, मागची गॅलरी तेवढी स्पष्ट दिसली पाहिजे.