उरलेला गज

दुनळी बंदूक विकली तरी नळी पुसायचा गज घरातच राहतो. तीन तुकड्यांचा, लाकडी, सांध्यांना पितळी आटे असलेला. सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात जुलैच्या दुपारी गळतीखाली ठेवायला बादली शोधत कोणी माळ्यावर चढतं, आणि मोडक्या छत्र्या नि मखराच्या पट्ट्यांमधून हा हाती लागतो. टोकाचा लोकरी गोंडा अजून तेलकट असतो. तो नाकाशी नेला की संपलं. बादली राहते, गळती आपली चालू.

बाराबोरमधला बारा मिलिमीटरचा नव्हे, हे दुनळीवाल्यांना सांगायला नको. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बाराबोरची नळी. मोजली तर साडेअठरा मिलिमीटर भरते. म्हणून तर वीस बोर बारापेक्षा बारीक. पाहुण्यांना हे उलटं गणित समजावण्याची मजा बंदुकीबरोबर घरातून जाते, आणि व्यवहार ठरताना तिची किंमत कोणी धरत नाही.

मुळात विकली का? शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर संपलीच होती. तरी दुनळ्या आणखी पन्नासएक वर्षं कपाटात सुखानं नांदल्या. मग २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. सामान्य परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहतील, तिसरी वर्षभरात जमा करा. ज्यांच्याकडे आजोबांची विलायती दुनळी, एक रायफल आणि एक .३२ रिव्हॉल्व्हर होतं, त्यांना एकीला निरोप देणं भाग पडलं. रिव्हॉल्व्हर ‘उपयोगाचं’ म्हणून राहिलं. ते आता लॉकरात पडून असतं आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही. रायफल राहिली. गेली दुनळी. हिशेबात चूक काढता येत नाही, हेच जास्त खुपतं.

दुनळीविरुद्ध एक पुरावा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या विलायती बंदुकांचं काडतुसाचं घर बहुतेक ६५ मिलिमीटरचं. आता सर्रास मिळतं ते काडतूस ७० मिलिमीटरचं. गंमत अशी की ते बेमालूम बसतं. तोंडाची घडी मिटलेली असते तोवर काडतूस आखूडच असतं. ७० हा आकडा घडी उलगडल्यानंतरचा. बार उडाला की घडी पुढे उलगडते, घर संपून नळी निमुळती होते तिथे अडकते, आणि छर्‍यांची वाट अरुंद झाल्यानं दाब भलताच चढतो. एखाद्या वेळी काही होत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतं. नळीवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून घडवलेल्या नळीची, वेलबुट्टी असेल तर प्रश्नच मिटला. तशी नळी काळ्या दारूच्या जमान्यातली, तिला आजची काडतुसं दाखवूही नयेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून पाच मैलांवर राहून घरच्या बंदुकीला घालायला काडतूस नाही, ही अवस्था पुणेकरालाच शोभते.

खासगी विक्रीला कायद्यानं पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. घेणार्‍याचं नाव-पत्ता लिहून आधी कळवायचं, मग थांबायचं. ही मुदत जणू फेरविचारासाठीच ठेवल्यासारखी वाटते, पण त्या दिवसांत फेरविचार कोणी करत नाही. सगळे साफसफाई करतात. मुलीला सासरी पाठवायच्या आधी वेणी घालावी, तशी.

आणि साफसफाई हाच तर तिचा खरा संसार होता. वर्षात एक बार नाही, पण पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुसणं चुकलं नाही. पुढचा लाकडी तुकडा काढायचा, नळ्या सुट्या करायच्या. गज नेहमी काडतुसाच्या बाजूनं आत, तोंडाकडून कधीच नाही. बार काढला असेल तर द्रावणाची ओली चिंधी, मग फॉस्फर ब्राँझचा ब्रश दहाबारा वेळा, मग चिंधी पांढरी निघेपर्यंत कोरड्या चिंध्या. शेवटी तेलाचा नुसता हात. इथेच बहुतेक घरं चुकतात. तेल जास्त होतं, बंदूक दस्त्यावर उभी राहते, तेल ओघळून यंत्रात आणि तिथून अक्रोडाच्या लाकडात मुरतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं, आणि पुढेमागे मानेपाशी तडकतं. पुसल्यावर दोन दिवस नळी खाली करून उभी ठेवावी, खाली वर्तमानपत्र. चामड्याची पेटी कितीही देखणी असली तरी पावसाळ्यात बंदूक तीत ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं. गंजाचा पहिला ठिपका पेटीतच पडतो.

अशा घरातल्या पोरांचं काम एकच. सुट्या नळ्या खिडकीकडे धरून आत बघायचं. नळी निर्दोष असेल तर उजेडाची कडी एकात एक दिसतात, विहिरीत वाकून पाहिल्यासारखी. कुठे पोचा असेल तिथे कडं वाकडं होतं. ‘वाकडं आहे का रे?’ असं विचारलं जायचं आणि ‘नाही’ म्हणताना पोराची छाती फुगायची. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाला तो मान कधी मिळाला नाही.

सिनेमातल्यासारखी मनगटाच्या झटक्यानं दुनळी मिटवणार्‍या माणसाच्या हातात बंदूक देऊ नये. नळ्यांना डाव्या हाताचा आधार देऊन हळू मिटवायची. झटके बसून बसून बिजागरीचा खिळा झिजतो; मग पुढचं लाकूड काढून मिटलेली बंदूक कानाशी हलवली की आत खुळखुळतं. रिकामे चाप ओढत बसणाराही त्याच जातीचा. खोटं काडतूस घातल्याशिवाय चाप ओढला की आज ना उद्या आतली टाचणी तुटते.

जाणकार गिर्‍हाईक हे सगळं तपासतं. शेवटी नळ्या खालच्या आकड्याला बोट घालून लोंबत्या धरतं आणि लाकडाच्या तुकड्यानं हलकेच टिचकी मारतं. दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाक शाबूत असेल तर नाद घुमतो, सुटला असेल तर थप्प वाजतं. तांबट आळीत हंडा घेताना वाजवून बघतात तसंच. विकणार्‍यानं इतकी वर्षं ती पुसलेली असते, पण वाजवून पाहिलेली नसते. तो नाद त्याला पहिल्यांदा ऐकू येतो तो गिर्‍हाईकाच्या हातून, आणि तोवर पैसे मोजून झालेले असतात.

परत मागता येत नाही. घेणार्‍याच्या परवान्यावर नोंद झाली की ती त्याची. तशीच दुसरी आणावी म्हटलं, तर विलायती बंदुकांची आयात सामान्य परवानाधारकाला कित्येक दशकं बंद. देशात आहेत तेवढ्याच फिरतात. खंडेनवमीला पाटावर पक्कड, विळी, शिलाई मशीन आणि स्कूटरची किल्ली असते. झेंडू थोडा उरतो.

गजाला मात्र परवाना लागत नाही. पंचेचाळीस दिवसांची नोटीसही नाही. घेणार्‍याचा पत्ता अर्जाच्या प्रतीत आहे, कोथरूडपर्यंत रिक्षा जाते. देऊन यायला हवा खरं तर. पाऊस थांबला की बघू.