गुलाबोचं उभं घर

गुलाबोला नव्या घरात हलवून आज एकवीस दिवस झाले. तिच्यासाठी मी तीन रविवार खपून बुचाच्या सालीचं एक देखणं नळकांडं बसवलंय, त्याच्याकडे तिने अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही. ती कुठे राहते ते शेवटी सांगतो.

गुलाबो म्हणजे झाडावर राहणारी टॅरंटुला, मोठ्या केसाळ कोळ्यांपैकी एक. शास्त्रीय नाव ॲव्हिक्युलॅरिया ॲव्हिक्युलॅरिया. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या जंगलांतली ही जात. अंग काळं, मखमली, आणि आठही पायांची टोकं गुलाबी, जणू कोणीतरी फिक्या रंगात बुडवून काढलीत. गंमत म्हणजे पिल्लं अगदी उलट असतात: पाय गुलाबी आणि टोकं काळी. नावातला ‘अविस’ म्हणजे लॅटिनमध्ये पक्षी. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनाममधल्या कीटकांची चित्रं १७०५ साली छापली. त्यातल्या एकात पेरूच्या फांदीवर एक भलामोठा कोळी छोट्या हमिंगबर्डला खाताना दिसतो. लोकांनी तिला बराच काळ थापाडी ठरवलं. पण सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये या कोळ्याला नाव देताना पक्ष्यालाच धरून ठेवलं. माझी गुलाबो मात्र रातकिडा जरा मोठा निघाला तरी मागे सरकते.

ही माझी दुसरी. पहिली अंगठ्याच्या नखाएवढी होती आणि ती माझ्या अतिकाळजीने गेली. कुठेतरी वाचलं होतं की पावसाळी जंगलातला जीव आहे, दमटपणा ऐंशी टक्के हवाच. मग काय, सकाळ-संध्याकाळ फवारा. डब्याला भोकं होती फक्त झाकणाला, तीही चार. काचेवर सतत वाफ धरलेली असायची आणि मला ते बघून बरं वाटायचं: वा, जंगल! सालीवर पांढरी बुरशी आली तेव्हाही मी ती कापसाने पुसली आणि पुन्हा फवारा मारला. पिल्लू झाकणाला चिकटून बसायचं, बरोबर त्या चार भोकांच्या खाली. त्याला काय म्हणायचं होतं ते मला ते मेल्यावर कळलं.

म्हणून या वेळी घर हवेपासून बांधायला घेतलं. कोळ्याची फुप्फुसं म्हणजे पोटाखाली असलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ चकत्या. टॅरंटुलाला त्यांच्या दोन जोड्या असतात. गुलाबो काचेवर चढली की पोटाच्या बाजूने चार फिकट चट्टे स्पष्ट दिसतात, तेच ते. छाती फुगवून हवा ओढायची सोय तिच्याकडे नाही. हवा आपणहून फिरली पाहिजे. जंगलात ती उंचावर, वाऱ्यात असते, कोंदट मातीत नव्हे.

डबा ॲक्रिलिकचा, २० बाय २० आणि उंची ३० सेंटिमीटर. जमिनीवरच्या टॅरंटुलाला उलट बुटका डबा देतात, कारण जड पोटाची ती उंचावरून पडली तर पोट फुटून मरू शकते. झाडावरचीला उंची हवी. दोन समोरासमोरच्या भिंतींना भोकं पाडली: एका बाजूला खाली, मातीच्या जरा वर, आणि दुसऱ्या बाजूला अगदी वर. थंड हवा खालून आत, ऊबदार वरून बाहेर. तीन मिलिमीटरचं बीट, ड्रिल हळू, आणि मागून लाकडाची फळी दाबून धरलेली. ही फळीची अक्कल सहाव्या भोकाला आली. तोवर बीट पलीकडे निघताना एक टवका उडालाच होता आणि कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता. त्या तड्यावर आता प्लास्टिकची वेल चिकटवलीय. पाहुणे तिचं फार कौतुक करतात.

लोखंडी जाळी मात्र कुठेच लावली नाही. पायांच्या टोकांना बारीक नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि धडपडीत पाय तुटू शकतो.

दार समोरून उघडणारं. ही गोष्ट दिसायला क्षुल्लक, पण सगळा संसार तिच्यावर आहे. झाडावरच्या टॅरंटुला जाळं विणतात ते वर, छपराला धरून. वरून झाकण उघडलं की दर वेळी त्यांचं घर फाटतं, आणि रागावलेली मालकीण सरळ तुमच्या हातावर येते. दाराला कडी लावली, कारण आईचा एकच प्रश्न होता.

“अरे, रात्री बाहेर आली तर?”

“नाही येणार, कडी आहे.”

“तुझ्या कपाटालाही कडी आहे. ते कधी बंद असतं का?”

मग दोन कड्या लावल्या.

तळाला पाच-सहा सेंटिमीटर कोकोपीट, तेही जवळजवळ कोरडं. एका कोपऱ्यात पाण्याची छोटी वाटी. आठवड्यातून एकदा मी वाटी मुद्दाम सांडेपर्यंत भरतो. तेवढी ओल पुरते. फवारा फक्त क्वचित, एका भिंतीवर, थेंब प्यायला मिळावेत म्हणून. सालीचं नळकांडं तिरकं उभं करून सिलिकॉनने बसवलं आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत डबा उघडा ठेवला. नळकांड्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पानं, म्हणजे तिला जाळ्याला आधार. ते सगळं बसवून मी दिवा लावून लांबून बघत बसलो होतो. खरं सांगायचं तर ते घर तिच्यापेक्षा माझ्यासाठीच होतं.

हलवायचा दिवस ठरवून न्हाणीघरात गेलो. जागा लहान, दार बंद, मोरीच्या जाळीवर फडकं. जुन्या डब्यात तिच्यावर पारदर्शक पेला ठेवायचा, मऊ ब्रशने मागच्या पायाला हलकेच डिवचायचं, ती पेल्यात चढते, खालून पुठ्ठा सरकवायचा. पुस्तकी कृती. प्रत्यक्षात ब्रश लागताच ती उडाली. टॅरंटुला उडी मारते हे वाचलेलं असणं वेगळं आणि ती शर्टच्या खिशावर येऊन बसणं वेगळं. मी श्वास रोखून उभा. तिने दोन पाय उचलले, हवेत जरा चाचपले, आणि शांतपणे वळून पाठ माझ्या चेहऱ्याकडे केली. मला वाटलं, ओळखलं वाटतं. पुढच्या क्षणी चष्म्यावर पचकन काहीतरी पडलं.

हे या जातीचं खास हत्यार. चावायला सहसा जात नाही, विष्ठेची पिचकारी मारते. पोटावरचे खाजरे केसही आहेत, पण ते अंगाला घासले तरच लागतात. पिचकारीचा नेम मात्र चांगला असतो. नव्या घराच्या काचेवर आता रोज चुन्याच्या शिंतोड्यांसारखे डाग पडतात. ओल्या फडक्याने लगेच पुसले तर निघतात, वाळले की नखाने खरवडा.

पहिले चार दिवस ती एका कोपऱ्यात, पाय जवळ घेऊन. खायला टाकलेला रातकिडा तसाच फिरत होता, तो लांब चिमट्याने काढून घेतला. न खाणारी टॅरंटुला कात टाकायच्या बेतात असू शकते, आणि तेव्हा ती इतकी मऊ असते की रातकिडाच तिला कुरतडतो. नंतर कळलं, कात तर नव्हतीच, ती नुसती रुसली होती. पाचव्या रात्री विणायला लागली.

आणि जागा निवडली ती कुठली? मागच्या भिंतीवर मी तापमान बघायला एक छोटा डिजिटल थर्मामीटर चिकटवला होता. तो आणि छप्पर यांच्यामधली चार बोटांची फट. आधी एक पदर, मग दुसरा, आणि आठवड्याभरात पांढरा दाट बोगदा तयार. वरच्या भोकांची रांग बरोबर त्याच्या तोंडाशी येते. दिवसा त्यातून फक्त चार गुलाबी टोकं बाहेर दिसतात, आकड्यांच्या वर ठेवलेली. आकडे अर्थात आता जाळ्यामागे गेलेत. २७ आहे की २१, ते तिलाच ठाऊक. मी दुसरा थर्मामीटर डब्याच्या बाहेर लावलाय.