जाताना साडेपाच तास, येताना पंचवीस

सोलापूरच्या नव्या पेठेत आमचं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते, संक्रांत 14 तारखेला. पूर्व भागातले एक यंत्रमागवाले अण्णा हातातला कागद फडकवतच आत आले.

"जाताना साडेपाच तास, येताना पंचवीस? परत येताना विमान ढकलत आणतेत काय ओ?"

मुंबईहून अमेरिकेतल्या नेवार्कला थेट विमान. रात्री 1.30ला सुटणार, त्याच तारखेला सकाळी 7ला पोचणार. परतीचं सकाळी 11ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12ला मुंबईत. कागदावर अण्णांचा हिशेब बरोबरच होता.

"ती वेळ तिकडच्या घड्याळाची, अण्णा. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं." म्हणजे जाताना 16 तास, येताना साडेचौदा. उरलेला दीड तासही त्यांनी सोडला नाही. उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, जाताना तोंडावर, येताना पाठीवर, हे सांगितलं तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले.

मग अंतर. भिंतीवरच्या नकाशात त्यांनी बोटानं सरळ रेघ मारली: सौदी, सहारा, अटलांटिक. मी शोभेचा पृथ्वीगोल पुढे सरकवला. अण्णांच्या खिशात सुताचा तुकडा होताच (यंत्रमागवाल्याच्या खिशात दुसरं काय असणार!). मुंबईवर एक टोक, नेवार्कवर दुसरं. ताणलं की सूत आपसूक वर सरकलं, रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलंडच्या शेपटाला घासून खाली उतरलं. या वाटेनं सुमारे 12,500 किलोमीटर, नकाशातल्या सरळ रेघेनं 14,200च्या आसपास. वारा आणि बंद हवाई हद्दी बघून विमान या वाटेपासून इकडंतिकडं होतं. अण्णांनी सूत तीनदा सैल केलं, तीनदा ताणलं.

"आणि आपल्याला मुंबईच्या 455 किलोमीटरला अख्खी रात्र लागती!"

त्यावरून सहज विचारलं, रेल्वेचं काय केलंय?

"काढलंय की. 15च्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. यात्रेतलं शोभेचं दारूकाम बघून बसायचं."

मी कागद परत हातात घेतला. विमान 15 तारखेचं, रात्री 1.30. म्हणजे 14च्या रात्रीच विमानतळावर हजर पाहिजे. अण्णा सोलापुरातून गाडीत बसतील तेव्हा विमान नेवार्कला पोचूनसुद्धा गेलेलं असणार. हे कळल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "हिला काय सांगू आता?"

तत्काळमध्ये 13च्या रात्रीचे दोन बर्थ मिळाले. यात्रेतला अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा) सापडला, होम आणि दारूकाम हुकलं.

15ला संध्याकाळी फोन वाजला. विमानाची चाकं नुकतीच टेकलेली.

"इथं सकाळचे सात, म्हणजे तिकडं साडेपाच. दारूकामाला वेळ हाय अजून. व्हिडिओ काढून पाठवा."